मशीन किरणच्या हाताखाली होतं

जीवरामशेठ दुकानात शिरले तेव्हा मी काउंटरमागे मेथी निवडत बसले होते. त्यांच्या मागून दोन हमालांनी कंप्युटरचा डबा धरून आणला, तिरडी धरतात तसा, जपून आणि तोंड पाडून. शेठनी टेबलाकडे बोट केलं. "ठेवा तिथं. आज बठ्ठ्या, सगळ्या गावासमोर उघडायला लावतो." बाजाराचा दिवस होता. आमच्या गल्लीत तर कुणी जोरात शिंकलं तरी माणसं जमतात, इथं तर शेठ ओरडत होते. दारात लगेच दहा-पाच डोकी गोळा झाली.

मी कमलबाई. गल्लीत सगळे अक्का म्हणतात. चोपड्याला स्टँडच्या मागं माझ्या मुलाचं, भूपेंद्रचं, कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर आमचं घर. दुकान एकट्या भूपेंद्रचं नव्हतं, त्याचं आणि किरणचं होतं. दोघं आयटीआयला एका बाकावर बसले, एका ताटात जेवले आणि दुकानही मिळून टाकलं. भूपेंद्रला तोंड आहे अन् किरणला हात आहेत, असं मीच चारचौघांत म्हणायची. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम भूपेंद्रचं, आणि डबा उघडून आत डोकं घालायचं काम किरणचं. किरण अडावदकडच्या एका खेड्यातून रोज यायचा. दुपारी जेवायला वर आमच्याकडे. भरीत आणि कळण्याची भाकरी असली की मागून तिसरी भाकरी घ्यायचा, तेही लाजत लाजत.

तर शेठचं हे मशीन दिवाळीच्या तोंडावर रॅम वाढवायला आलं होतं. रॅम म्हणजे बोटाएवढी हिरवी पट्टी असते, ती मोठी घातली की मशीनला पुष्कळ गोष्टी एकदम ध्यानात ठेवता येतात, असं मला किरणनं समजावलं होतं. लक्ष्मीपूजनाला मशीन दुकानातच राहिलं आणि पाडवा झाल्यावर पोचतं केलं. तिथून नाटक सुरू झालं. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पडद्यावर कंपनीचं नाव उमटतंय न उमटतंय तोच फट्‌दिशी सगळं बंद. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. मधेच एखादा दिवस असा जायचा की मशीन गुणी बाळासारखं संध्याकाळपर्यंत चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत मरायचं. शेठ केळीचे व्यापारी. गाडी भरली की वजनाची पावती याच मशीनमधून निघायची. मशीन बंद म्हणजे ट्रक उभा, आणि उभ्या ट्रकातली केळी कुणासाठी थांबत नाहीत, पिकायला लागतात.

भूपेंद्र दोनदा जाऊन बघून आला होता. "शेठ, तुमच्याकडे अर्थिंग नाही," असं सांगून आला होता. शेठनी वायरमन बोलावला, जमिनीत खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून अर्थिंग केलं. तरी मशीन मेलंच. मग माणूस चिडणार नाही तर काय आरती ओवाळणार?

"उघड," शेठ म्हणाले.

भूपेंद्रनं मशीन टेबलावर आडवं घेतलं. बाजूचा पत्रा काढला, पुढच्या बटणाच्या वायरी उपटून बाजूला केल्या. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, फुंकर मारली, परत खटकन बसवली. आतल्या सगळ्याला करंट वाटणारी पेटी असते, पोरं तिला एसएमपीएस म्हणतात. ती सोडवून दुकानातली दुसरी जोडली. पंखा उतरवला, खालची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली, नवी लावली. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलं. बटणाच्या वायरी सुट्या असल्या की ही पोरं तसंच चालू करतात. मशीन चालू झालं. नाव आलं, चित्र आलं, घड्याळ आलं. शेठचा चहा पिऊन झाला तरी चालूच.

"बघा," भूपेंद्र हसून म्हणाला. त्यानं बंद केलं, वायरी जोडल्या, पत्रा लावला, मशीन उभं केलं आणि बटण दाबलं.

फट्‌.

पुन्हा दाबलं. फट्‌. दारातलं कुणीतरी हसलं. भूपेंद्रनं पुन्हा पत्रा काढला, वायरी काढल्या, पिनांना टोक टेकवलं. चालू! वायरी जोडल्या, पत्रा लावला. मेलं!

"वा रे वा," शेठ म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. शेठ ओरडतात तोवर ठीक असतं. आवाज खाली आला की समजावं. "उघडं असलं की चालतं, झाकलं की मरतं. आत काय चाललंय ते मला समजत नाही असं वाटतं का? माझा भाचा सांगत होता, हे दुरुस्तीवाले चांगली रॅम काढून घेतात आणि मेलेली घालून देतात. माझी नवी रॅम कुठं आहे, भूपेंद्र?"

आता ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट शिवी. दुरुस्तीवाल्याला मूर्ख म्हणा, महागडा म्हणा, तो हसून घेईल. पण आतला माल बदलला म्हणालात की त्याचं दुकान संपलं. कारण डब्याच्या आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नसतं, सगळा कारभार विश्वासावर चालतो. भूपेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. एरवी पोपटासारखा बोलणारा माझा पोरगा, त्याच्या तोंडातून शब्द निघेना. सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, भाजीवाला जीतू, समोरचा न्हावी, गल्लीतल्या बाया. आणि माझा राग अनावर झाला.

मी मेथीचं सूप बाजूला सारून उभी राहिले. "शेठ, तोंड सांभाळून बोला. माझा भूपेंद्र असलं काम करणार नाही. तुमचं मशीन आल्या दिवसापासून किरणच्या हाताखाली होतं."

मी खोटं बोलले नव्हते. मशीन किरणच्याच हाताखाली होतं. म्हणूनच तर ते इतकं वाईट होतं. खोटं असतं तर कुणीतरी खोडून तरी काढलं असतं.

किरण मागच्या टेबलावर प्रिंटर सोलून बसला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपण नीट ऐकलं का, असं बघतात ना, तसं. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्या बायांना ऐकवली. त्या दिवशी माझीच पाळी होती, पण मला तेव्हा ते कळलं नाही. माझं सगळं लक्ष भूपेंद्रच्या तोंडाकडे होतं, त्यावर रंग परत येतो का ते बघत होते.

किरण उठून पुढे आला. पत्र्याला हात न लावता त्यानं मशीनच्या पुढचं प्लास्टिकचं तोंडच ओढून काढलं आणि उलटं करून बटणाची मागची बाजू बघितली. बराच वेळ बघितली. मग आमच्याकडे पाठ केली, नखानं काहीतरी खरवडलं, बाटलीतल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसलं. कापूस टोपलीत न टाकता पँटच्या खिशात घातला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तोंड परत बसवलं, बटण दाबलं. मशीन चालू झालं आणि चालूच राहिलं. बंद केलं, पुन्हा चालू केलं, पत्रा लावून चालू केलं. एकदाही मेलं नाही.

"सापडलं, शेठ," तो म्हणाला. "बटणाची वायर सैल होती. मीच बसवली होती. चूक माझी शे."

"अन् रॅम?"

"रॅम तुमचीच शे. पावतीवरचा नंबर जुळवून घ्या."

"आता जुळेलच की!" शेठ दाराकडे वळून म्हणाले. "पकडला गेला की चोर पण माल जागेवर ठेवतो." दारातली सगळी हसली. किरणनं हात जोडले आणि परत जाऊन प्रिंटरपुढं बसला. हमालांनी मशीन उचललं. आणि मी? मी सुटकेचा श्वास सोडला हो. पोराचं नाव वाचलं म्हणून देवाला हात जोडले आणि उरलेली मेथी निवडायला घेतली.

चोपडा काही मुंबई नाही. पुढच्या बाजारापर्यंत ही गोष्ट पार तापीकाठापर्यंत गेली असेल. आणि जाता जाता सैल वायर गळून पडली, उरली फक्त रॅम. एक मास्तर मशीन घेऊन आले ते आधी मोबाइलवर आतले फोटो काढूनच. एका बाईनं माझ्यादेखत भूपेंद्रला सांगितलं, "भाऊ, तुम्ही स्वतः बघा हं, त्यांच्याकडे देऊ नका." किरण दोन हातांवर होता, सगळं ऐकू जात होतं. दुपारी वर जेवायला यायचं त्यानं बंद केलं, डबा आणायला लागला. भूपेंद्रनंही त्याला विचारलं नाही. भूपेंद्रला वाटत होतं की किरणच्या हातून खरंच सैल वायर राहिली, चुकी झाली, तर भोगू दे थोडं. आणि मला? मला तर त्याहून वाईट शंका यायची. मनात यायचं, रॅमचं पण काही असेल बाई, आग असल्याशिवाय धूर निघतो का? हे मी भूपेंद्रच्या बायकोला, दिपमालालाही बोलले. ती म्हणाली, "आई, किरणभाऊंनी तुमच्या हातचं मीठ खाल्लंय." मी तिला गप्प केलं.

मग एके दिवशी किरणनं त्याचे स्क्रूड्रायव्हर, सोल्डरचं पेन सगळं एका पिशवीत भरलं. धुळ्याला एका मोठ्या दुकानात काम मिळालंय म्हणाला. माझ्या पाया पडला. मी मोठ्या मनानं भरीत-भाकरी बांधून दिली, डोक्यावरून हात फिरवला, "सुखी राहा" म्हटलं. आणि तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर मनात म्हटलं, चला, ब्याद टळली. मनातच म्हटलं, पण म्हटलं. ते मला अजून ऐकू येतं.

थंडी पडली. एका सकाळी आमच्या दुकानातलं बिलाचं मशीन बिघडलं. दिवा, पंखा, नाव आणि फट्‌. भूपेंद्र सकाळपासून त्याच्या मागं लागला. किरणची पद्धत त्याला ठाऊक होती: एकेक वस्तू काढायची आणि बघायचं, काय काढल्यावर मरायचं थांबतं. त्यानं रॅम काढली, घासली, दुसरी घातली. हार्ड डिस्कची वायर काढली. आतला गोल सेल बदलला. एसएमपीएस बदलली. टेबलावर पसारा, कपाळावर घाम. "किरण असता तर," असं एकदा बोलून गेला. शेवटी "मदरबोर्डच गेला" म्हणून खुर्चीत टेकला.

मला कंप्युटरमधलं काही कळत नाही. मी आपली ओलं फडकं घेऊन पुसत होते, एवढा पसारा झालाय तर निदान डब्यावरची धूळ तरी जाईल. पुसता पुसता बोट बटणावर गेलं. इतर मशीनची बटणं दाबली की वर येतात. हे खालीच बसलेलं. मी नखानं उचकटलं तर कड्‌ करून वर आलं, आणि भूपेंद्रनं न सांगताच मी ते दाबलं. मशीन चालू झालं आणि चालूच राहिलं. भूपेंद्र खुर्चीतून उडालाच.

"माय, काय केलं?"

मी बोट त्याच्यापुढं धरलं. नखात लाल चुरा होता.

आता हे सांगायलाच हवं. आमच्यात ज्याच्यावर पोट चालतं त्याची लक्ष्मीपूजनाला पूजा करायची. माझे सासरे नांगराची करायचे. माझा नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो गाडीच्या स्टेअरिंगला हार घालायचा. मी दुकानात असतील तेवढ्या मशीनना हळद-कुंकू लावते. गिऱ्हाइकाचं मशीन त्या दिवशी दुकानात असलं तर त्यालाही. सणाला घरी आलेल्या पाहुण्याच्या पोराला काय वगळायचं असतं? आणि मशीनचं कपाळ कुठलं, तर बटण. दिवा तिथंच लागतो ना. पण कोरडं कुंकू प्लास्टिकवर थांबत नाही, पंखा फिरला की उडून जातं. म्हणून मी ते लक्ष्मीच्या पंचामृतात कालवते आणि चांगला जाड टिळा देते. दूध, दही, तूप, मध, साखर. वाळलं की असं घट्ट बसतं की पुढच्या दिवाळीपर्यंत हलत नाही. मला त्याचं केवढं कौतुक होतं!

त्या संध्याकाळी किरण शेजारीच उभा होता. "अक्का, कोरडं लावा, ओलं आत जाईल," म्हणाला होता. मी म्हटलं, "चल रे, देवाच्या कुंकवानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

भूपेंद्रनं बटणाचा भाग उलटा केला. मागच्या खाचेत मध आणि कुंकवाचा थर बसला होता, लाखेसारखा. "बटण अडकून दाबलेलंच राहत होतं," तो हळूच म्हणाला. "बटण दाबून धरलं की मशीन बंद पडतं. मुद्दाम तशीच सोय असते त्यात. आपण वायर काढून पिनांवर चालू करायचो, म्हणून उघडं असताना चालायचं." मग तो माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाला, "शेठच्या मशीनला पण तूच लावलं होतं."

मला किरणची पाठ दिसली. नखानं खरवडतोय, पुसतोय, लाल झालेला कापूस खिशात घालतोय. त्याला त्याच क्षणी कळलं होतं. नुकतंच मी त्याला चारचौघांत पुढं ढकललं होतं, अजून माझे शब्द दुकानात फिरत होते. एवढंच म्हणायचं होतं त्यानं, की शेठ, अक्कांनी बटणाला मध लावलाय. लोक माझ्यावर हसले असते आणि तो सुटला असता. पण म्हातारीचं हसं व्हायला नको म्हणून त्यानं चोरीचा आळ अंगावर घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि फाशी देणारी मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटलं.

"मी शेठकडे जाते," मी म्हटलं.

"माय, आता कशाला उकरतेस?" भूपेंद्र म्हणाला. "किरणला मी फोन करतो, माफी मागतो. पण गावात सांगू नको. यांच्या दुकानात मशीनला पंचामृत पाजतात म्हणतील. दुकानाचं हसं होईल."

माझं डोकं फिरलं. "तुला तोंड आहे म्हणायची मी! त्या दिवशी तो एकटा बोलला आणि तू तोंड शिवून बसलास. आजही तसाच बस. त्याला घरात फोन करून माफी आणि गावात तो चोर, हा कुठला न्याय रे?" दिपमाला जिन्यात उभी होती. तिनं माझ्या चपला आणून पुढं ठेवल्या.

शेठचं ऑफिस यावल रस्त्याला, पत्र्याच्या शेडखाली. केळीची पानं तुडवत आत गेले. दोन ड्रायव्हर खाटेवर, शेठ खुर्चीत, हमाल चहा पीत, आणि पावत्या काढणारी मुलगी त्या मशीनपुढं. वाटेत मनात कितीतरी वाक्यं जुळवली होती, पण तिथं एकच आलं. "मनंच चुकनं, शेठ. माझंच चुकलं." मग सगळं सांगितलं. टिळा, मध, बटण, कापूस.

मी बोलायची थांबले आणि सगळे हसले. वाईट नाही, मायेनं हसले. "पूजेनं मशीन मेलं!" एक ड्रायव्हर म्हणाला. शेठनी माझ्यासाठी चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली. माझ्या चुकीवर सगळे असे हसत होते, आणि त्या पोरानं न केलेल्या चुकीवर गावातलं कुणी मायेनं हसलं नव्हतं. तरी मी म्हटलं, हसा बाबांनो, पण किरणचं नाव साफ करा.

शेठनी मान हलवली. "अक्का, तुम्ही मोठ्या मनाच्या. परक्याच्या पोराला वाचवायला स्वतःवर घेताय. पण त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं ना? काही केल्याशिवाय कुणी कबूल होतं का?"

हमालांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, "आईचं काळीज शेवटी." मी तिथं लाज सांगायला गेले होते आणि हे लोक माझ्या पदरात पुण्य टाकत होते! मला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. आणि शरमेबरोबर माझा जुना राग आला, तो एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामी आला.

"पोरी, बंद कर ते," मी त्या मुलीला म्हटलं. ती शेठकडे बघायला लागली. "त्यांच्याकडे काय बघतेस, बंद कर."

तिनं बंद केलं. मी मशीनजवळ जाऊन बटणावर बोट ठेवलं, दाबलं आणि उचललंच नाही. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर कंपनीचं नाव उमटायला लागलं, आणि फट्‌. सगळे बघत राहिले. बोट काढलं, परत दाबून धरलं. पंखा, दिवा, नाव, फट्‌.

"ओळखीचं वाटतंय का, शेठ?" मी म्हटलं. "हे माझं बोट आहे, तेव्हा इथं माझं कुंकू होतं. पुन्हा दाखवू?"

शेठ उठून आले. त्यांनी स्वतः दाबून धरलं. मशीन मेलं. बोट उचलून नीट दाबलं. चालू राहिलं. ते तसेच वाकून उभे राहिले.

"मग तो बोलला का नाही?" त्यांनी विचारलं.

"कारण मी समोर बसले होते. कारण माझ्या पोराला वाचवायला मी त्याचं नाव घेतलं होतं आणि त्यानं माझं घेतलं नाही." मी हमालांकडे वळले. "तो चोर नव्हता हो. मी होते तिथं चोर."

या वेळी कुणी हसलं नाही. हमालांनी ग्लास खाली ठेवले. शेठनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. घंटी जात राहिली, मग किरणचा आवाज आला.

"किरण, मी जीवराम. इथं अक्का येल शेत, माझ्यासमोर—"

"अक्काले काय व्हयनं?" त्यानं शेठचं बोलणं अर्ध्यावर तोडलं. आवाज घाबरलेला होता. "बऱ्या शेत ना त्या?"

शेठनी फोन तोंडाजवळ धरला. "बऱ्या आहेत," ते म्हणाले. "ते मशीनचं कळलं आम्हाला. मी बोललो ते चुकीचं होतं. सगळ्यांसमोर सांगतोय." पलीकडून "ठीक शे, शेठ," एवढंच. शेठनी फोन माझ्या हातात दिला.

"किरण," मी म्हटलं, "मी सांगितलं रे सगळं."

"कशाले सांगं तुम्ही, अक्का? मिटेल व्हतं ना."

"तुझं कुठं मिटलं होतं?"

त्याच्या मागं दुकानाचा आवाज येत होता. कुणीतरी विचारत होतं, झालं का माझं मशीन. 'परत ये' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण ज्या जिभेनं त्याला घालवलं तिनंच त्याला कसं बोलवायचं? कोणत्या तोंडानं?

"अक्का, गिऱ्हाईक उभं शे," तो हळूच म्हणाला.

"ठेव बाळा," मी म्हटलं, "काम कर." आणि फोन शेठच्या हातात परत दिला.